सातव्या मजल्यावरचा पूल

मित्सुएसान हिराबायाशी यांचे केस मी एकवीस वर्षं कापले. त्यातली शेवटची जवळजवळ आठ वर्षं त्या माझ्या दुकानात आल्या नाहीत, मीच त्यांच्याकडे जायची. माझं दुकान टेकडीच्या पायथ्याशी, त्यांचं घर टेकडीवरच्या गल्लीत, आणि मधे एकशे सात पायऱ्या. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुकान बंद असायचं, तेव्हा कात्र्या, कंगवे आणि खांद्यावर पांघरायचं कापड पिशवीत भरून मी चढायला लागायची. पन्नासाव्या पायरीपाशी एकदा आणि ऐंशीव्या पायरीपाशी एकदा थांबायची. वर पोचेपर्यंत त्यांनी चहा ओतून ठेवलेला असायचा, कारण माझ्या धापा त्यांना खिडकीतून ऐकू यायच्या.

आमच्या कुरियातो वस्तीत वरच्या गल्लीत गाडी जात नाही. सायकलसुद्धा खांद्यावर घ्यावी लागते. योकोहामात नोकऱ्या करणाऱ्या लोकांनी पन्नास वर्षांपूर्वी तिथे घरं बांधली, कारण वरून समुद्र दिसतो आणि तेव्हा सगळ्यांचेच गुडघे धड होते.

मित्सुएसान मूळच्या निईगाताकडच्या, बर्फातल्या गावच्या. अठराव्या वर्षी एकट्या योकोहामाला आल्या आणि बसमध्ये कंडक्टर झाल्या. तेव्हा बसमध्ये बायका कंडक्टर असायच्या, निळी टोपी आणि गळ्यात चामड्याची पिशवी. त्याच बसने तेइजी हिराबायाशी नावाचा एक वेल्डर रोज गोदीत कामाला जायचा. दोन वर्षं तो नुसतं तिकीट मागायचा. तिसऱ्या वर्षी लग्न झालं. वरच्या गल्लीतलं घर घेतलं तेव्हा मित्सुएसान अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. मुलगी चिझुरू पाठीशी बांधलेली आणि दोन्ही हातांत रॉकेलचे डबे, अशा त्या या पायऱ्या चढायच्या. पुढे बावीस वर्षं त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात सहाशे मुलांचं जेवण केलं.

मी इथे दुकान टाकलं त्या पहिल्या आठवड्यातच त्यांना पाहिलं. कचऱ्याची गाडी निघाली होती आणि एक बाई दोन-दोन पायऱ्या गाळत, हातात पिशवी घेऊन, "थांबा! थांबा की हो!" ओरडत खाली येत होती. गाडी थांबली. बाईने पिशवी आत भिरकावली, माझ्या दुकानाच्या पाटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "नवीन दिसतेस. माझे केस कापून दाखव, मग सांगते गल्लीला, यायचं की नाही ते."

गल्ली आली. माझं दुकान चाललं ते त्यांच्यामुळे.

नंतर त्यांचे गुडघे गेले. आणि सहासष्टाव्या वर्षी स्वयंपाकघरातच पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिकेची चार माणसं त्यांना कापडाच्या झोळीत घालून खाली घेऊन गेली. चौघेही घामाघूम झाले होते, आणि मित्सुएसान सारख्या त्यांची माफी मागत होत्या. "जड आहे हो मी, जड आहे." दोन महिन्यांनी तशाच झोळीतून वर आल्या, आणि मग खाली उतरल्याच नाहीत. घरात काठी घेऊन चालता यायचं. पायऱ्या मात्र जमेनात.

तेइजीसान वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. पाठीवर पिशवी अडकवून रोज सकाळी खाली यायचे, मासे, मुळा, तांदूळ, मित्सुएसानची औषधं, सगळं घेऊन चढायचे. कपडे धुवायचे. बायकोने काही बोलून दाखवलं की म्हणायचे, "मी आहे ना! तुला काय हवं ते सांग, मी आणतो." यावर त्या काय बोलणार? त्यांना हवं होतं ते पिशवीत घालून आणण्यासारखं नव्हतं. घर विकून सपाटीला जावं असंही एकदा निघालं. दलाल आला, पहिल्या पायरीशी उभं राहून वर पाहिलं, आणि उशीर झालाय म्हणून निघून गेला.

मी केस कापत असताना त्या खिडकीकडे तोंड करून बसायच्या. खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसचं फक्त छप्पर तिथून दिसायचं.

"नऊ चाळीसची आज तीन मिनिटं उशिरा," त्या म्हणायच्या. "नवा ड्रायव्हर असेल. वळणावर घाबरतो."

दोन हजार सोळाच्या शरद ऋतूत पायथ्याच्या बंद पडलेल्या लोणच्याच्या कारखान्यावर पाटी लागली. सात मजली इमारत, बेचाळीस घरं. कारखाना अगदी कड्याला लागून होता, म्हणजे इमारत कड्याला पाठ लावून उभी राहणार आणि तिचा सगळ्यात वरचा मजला गल्लीच्या समोर येणार. गल्लीतल्या पुढच्या रांगेतल्या घरांचा समुद्र जाणार, हिवाळ्यातलं ऊन जाणार. खाली माझं दुकान कारखान्याच्या पूर्वेला. दुपारी बारानंतर माझ्याकडे ऊन यायचं बंद होणार. मी टॉवेल बाहेर वाळवते, आणि म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना उन्हातली खुर्ची आवडते. शिवाय शाळेचा रस्ता अरुंद, त्यावर बेचाळीस घरांच्या गाड्या. पावसात आधीच तुंबणारं गटार. आणि कडा खोदताना वरची घरं हलली तर?

त्या वर्षी वस्तीच्या मंडळाचं अध्यक्षपद पाळीने तेइजीसानांकडे आलं होतं. एरवी हे काम म्हणजे सूचनांचे कागद लावलेली फळी घरोघर फिरवायची आणि उन्हाळी जत्रेला तंबू उभारायचे. पण आता लढाई आली. तेइजीसान पुन्हा चाळीस वर्षांचे झाले. पिवळ्या कापडावर "इमारत नको" असं लिहून गल्लीभर फलक लावले, सगळ्या घरांकडून तक्रारअर्जावर नावाचे शिक्के मारून घेतले, नगरपालिकेत जाऊन कायद्याची पुस्तकं चाळली. चारशे बारा सह्या जमवल्या. पहिली त्यांची, दुसरी मित्सुएसानची. माझी अकरावी.

नोव्हेंबरच्या मंगळवारी मी गेले तर मित्सुएसानच्या मांडीवर कंपनीने वाटलेला नकाशा होता आणि हातात शिवणकामाची टेप.

"किनुचान," त्या म्हणाल्या, "सातव्या मजल्याची जमीन बरोब्बर आपल्या गल्लीच्या उंचीला येते. मी तीनदा मोजलं."

"म्हणून तर भांडण चाललंय ना."

"त्यात लिफ्ट असणार."

मी कंगवा बुडवून घेतला आणि केसांना लावला.

"सातव्या मजल्यापर्यंत असणार," त्या म्हणाल्या. "आणि तिथून आपली गल्ली चार मीटर. चारच मीटर, किनुचान. आमच्या न्हाणीघरापासून दारापर्यंत जाते मी तेवढं, काठी न घेता."

"पण तुमचा समुद्र जाईल की. ऊनही."

"समुद्राचं काय करू? तो वर येत नाही, मी खाली जात नाही."

"तेइजीसानना सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, चहा गार होतोय."

मान खाली घालायला सांगून मी मागचे केस सारखे केले.

कंपनीने माहिती देण्यासाठी दुसरी सभा ठेवली ती डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी दोनला, खालच्या सभागृहात. साडेबाराला माझ्या दुकानातला फोन वाजला.

"किनुचान, गिऱ्हाईक आहे का?"

"आता एक संपेल."

"संपलं की वर ये. मला खाली उतरायचंय."

मी म्हटलं, तेइजीसानना सांगा. त्या म्हणाल्या, ते केव्हाच खुर्च्या मांडायला गेले, आणि त्यांना सांगायचं असतं तर तुला कशाला फोन केला असता?

मी दुकानाला कडी घातली. वर गेले तर त्या दारात तयार, जांभळा स्वेटर, ओठांना लाली, काखेत बसायची उशी. पायऱ्यांपाशी येऊन त्यांनी उशी पहिल्या पायरीवर ठेवली, तिच्यावर बसल्या, पाय खालच्या पायरीवर टेकले, मग उशी खाली सरकवली, पुन्हा बसल्या. मी दोन पायऱ्या खाली उलटी उभी राहून त्यांचे घोटे धरत होते. थंडी होती आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. चाळिसाव्या पायरीशी त्या म्हणाल्या, "वर नको बघूस. मीही बघत नाही." खाली पोचायला एक तास दहा मिनिटं लागली. स्वेटरचा मागचा भाग काळा झाला होता. तो झटकून देऊ लागले तर हात बाजूला केला. "राहू दे. कळू दे कशी आले ते."

आम्ही सभागृहात शिरलो तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं. मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. लोकांना वाटलं, अध्यक्षांच्या बायकोने एवढ्या हालात उतरून लढ्याला पाठिंबा दिला. पुढच्या टेबलाशी बसलेल्या तेइजीसानांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग फुलला. उठून त्यांनी खुर्ची ओढून दिली.

कंपनीकडून नुमाता नावाचे इंजिनियर आले होते. चाळिशीतले, केस कपाळावरून मागे जायला लागलेले, आधीच्या सभेत लोकांनी एवढं धुतलं होतं की बोलायच्या आधीच मान झुकवत होते. इसोगाईसान बोलत होत्या. हिराबायाशींच्या शेजारच्या, निवृत्त शिक्षिका. त्या रागावल्या तरी आवाज चढत नसे.

"माझी आई पंच्याण्णव वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या खोलीत अंथरुणावर असते. दहा ते दोन तिच्या पांघरुणावर ऊन येतं. तिच्या दिवसात तेवढंच काय ते आहे. तुम्ही मला कागदावर सावलीच्या रेघा दाखवता. आईला काय दाखवू?"

नुमातांनी मान झुकवली. मग मित्सुएसाननी हात वर केला.

"बोला, बोला," तेइजीसान म्हणाले.

"मला लिफ्टबद्दल विचारायचंय," मित्सुएसान म्हणाल्या. "तिचं दार किती रुंद असेल?"

नुमाता गोंधळले. "ऐंशी सेंटीमीटर."

"म्हणजे चाकाची खुर्ची जाईल. आणि सातव्या मजल्याचा व्हरांडा कड्याच्या बाजूला आहे ना? तिथून आमच्या गल्लीत यायला पूल टाकता येईल का हो? लहानसा. चार मीटरचा."

तेइजीसान टेबलावरच्या चहाच्या बाटलीचं झाकण घट्ट करत होते, ते आधीच घट्ट होतं.

"मी इथे बेचाळीस वर्षं राहतेय," मित्सुएसान पुढे म्हणाल्या. "गेली चार वर्षं घराबाहेर पडले नाही. आज आले ती बसून आले. वर कशी जाणार ते अजून माहीत नाही. वरच्या गल्लीत माझ्यासारखी आणखी चार माणसं आहेत, नावं घेत नाही, त्यांना आवडणार नाही. एवढंच विचारायचं होतं."

नुमातांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पहिल्यांदाच मान न झुकवता उत्तर दिलं. "मी विचारून बघतो."

सभा कशीबशी संपली. बाहेर पायऱ्यांच्या तळाशी मित्सुएसान उशी घेऊन उभ्या. मघाशी टाळ्या वाजवलेले लोक नमस्कार करून बाजूने वर गेले. तेइजीसान आले, त्यांच्याकडे पाठ करून उकिडवे बसले आणि म्हणाले, "चढ." बस्स, एवढंच. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. त्यांनी तिसाव्या पायरीपर्यंत नेलं. तिथे त्यांचे पाय असे थरथरायला लागले की मी मागून दोघांना धरलं. तेवढ्यात नुमाता धावत वर आले.

"साहेब, मला नेऊ द्या."

"माझी बायको आहे," तेइजीसान म्हणाले.

"हो. म्हणूनच म्हणतो."

उरलेल्या सत्त्याहत्तर पायऱ्या नुमातांनी मित्सुएसानना पाठीवर नेलं. तेइजीसान नुमातांची कागदांची पिशवी आणि बायकोची उशी घेऊन मागून चढले. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून लोकांनी ते पाहिलं, आणि प्रत्येक घरावर पिवळा फलक होता.

संध्याकाळपर्यंत बोलणी सुरू झाली. कंपनीने म्हातारीला फितवलं. घरातच अध्यक्षाचं ऐकत नाहीत, बाहेर कोण ऐकणार? माझ्या दुकानात केसांना रंग लावून बसलेल्या एका बाईने तर सांगितलं की पुलाची कल्पना आधीच ठरवून विचारायला लावली होती. मी म्हटलं, "असं नाही हो." एवढंच म्हटलं. याहून जास्त बोलायला पाहिजे होतं.

जानेवारीत नुमाता दोन नकाशे घेऊन आले. एक सात मजल्यांचा, त्यात पूल. गल्लीतल्या प्रत्येक घराला फाटकाची किल्ली मिळणार, देखभाल इमारतीकडे. दुसरा पाच मजल्यांचा, गच्ची गल्लीपासून तीन मीटर खाली, समुद्र आणि ऊन दोन्ही शाबूत, माझ्या दुकानातलं दुपारचं ऊनसुद्धा. त्यात पूल नाही, कारण लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबणार, आणि तो मजला गल्लीच्या सहा मीटर खाली. कंपनी म्हणाली, वस्ती ज्यावर सही करेल तो बांधू, मात्र तक्रार मागे घ्यायची.

मतदान चिठ्ठीवर झालं, एका घराला एक चिठ्ठी, कुटुंबप्रमुखाच्या नावाने. एकतीस घरं. मित्सुएसानचं नाव चिठ्ठीवर कुठेच नव्हतं.

मी एकटीच राहते, म्हणजे माझ्या घराची प्रमुख मीच. सभागृहाच्या कोपऱ्यात उभी राहून पेन्सिल हातात घेतली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. खिडकीतून माझं दुकान दिसत होतं आणि त्याच्या काचेवर ऊन होतं. मला इसोगाईसानच्या आईचं पांघरूण आठवलं, हे खरं आहे. पण त्याआधी मला माझे टॉवेल आठवले. मी पाचवर खूण केली.

सातसाठी नऊ मतं पडली, पाचसाठी बावीस. चिठ्ठ्या उघडूनच मोजल्या, घराचं नाव वाचून. तेइजीसाननी आपली स्वतः वाचली. "हिराबायाशी. पाच." आवाज अजिबात हलला नाही. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, दोन मजले उतरवले म्हणून. एका घरातून साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली आली. तेइजीसाननी पेला तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

त्या घरात त्या दिवशी काय झालं ते मला नंतर तेइजीसाननीच सांगितलं. मित्सुएसान मुळा किसत होत्या. यांनी "पाच" म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, "सातवाले किती?" हे म्हणाले, "नऊ." "कोण कोण?" यांनी नऊ नावं घेतली. त्यांनी सगळी ऐकली, किसणी थांबवली आणि विचारलं, "किनुचान नाही?" हे म्हणाले, "नाही." मग त्या म्हणाल्या, "बरं." आणि उरलेला मुळा किसला. यांच्या मताबद्दल विचारलंच नाही. तेइजीसान मला म्हणाले, "शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं हो. पन्नास वर्षांत तिने मला एवढं सोपं सोडलं नव्हतं."

पुढच्या मंगळवारी पायऱ्या चढताना मी पन्नासावर थांबले, ऐंशीवरही थांबले, आणि शंभराव्या पायरीवर तर उगाचच थांबले. आत गेले तर चहा तयार होता. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी कापड पांघरलं.

"नेहमीसारखे?" मी विचारलं.

"नको. अगदी बारीक काप. मुलग्यासारखे."

"एवढे? थंडी आहे."

"तीन महिने तरी वाढायला नकोत. तुला सारखं सारखं वर यावं लागतं."

माझा हात थांबला. "मित्सुएसान, मी..."

"दुकानात ऊन हवंच गं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला कुठे उभं राहावं ते कळेना. "मलाही कळतं. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, ते रोज विचारते स्वतःला. कधी पाच म्हणते, कधी सात. काप आता, चहा निवेल."

मी कापले. पांढरे केस जमिनीवर पडत गेले आणि खालून डोक्याचा आकार दिसू लागला, किती लहान होतं ते डोकं. आरसा दाखवला तर त्यांनी पाहिलं नाही. जाताना नेहमीसारखं पाकिटात पैसे आणि वर दोन संत्री. तीन महिने त्यांनी मला बोलावलं नाही. मीही आपणहून गेले नाही.

इमारत दोन हजार एकोणीसच्या वसंतात पुरी झाली. चांगली आहे, खोटं कशाला बोलू? गटार नवीन झालं, रस्त्याला पदपथ आला. तिथल्या बाया माझ्याकडे केस कापायला येतात. गल्लीतून समुद्र पूर्वीसारखाच दिसतो, फक्त आता आधी एक राखाडी गच्ची दिसते, पाण्याच्या टाक्या आणि पंख्यांची खोकी असलेली. तेइजीसाननी मुदत संपताच अध्यक्षपद सोडलं. मग एक दिवस ते एकटेच नुमातांच्या कचेरीत गेले आणि विचारलं, गच्चीवरून गल्लीपर्यंत लोखंडी जिना काढून देता येईल का, वेल्डिंग मी स्वतः करतो. नुमातांनी त्यांना चहा दिला आणि सगळं समजावून सांगितलं. लिफ्ट गच्चीवर जात नाही. पाचव्या मजल्यावरून आणखी दोन मजले चढावे लागतील. आणि आता इमारत कंपनीची नाही, तिथल्या तीस घरांची आहे.

"मला माहीत होतं," तेइजीसान मला म्हणाले. ते दुकानात केस कापायला आले नव्हते, नुसते येऊन उन्हातल्या खुर्चीत बसले होते. "तरी विचारून आलो. तिला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका."

तोवर मी पुन्हा जायला लागले होते. पण आमच्यात पहिल्यासारखी बडबड राहिली नव्हती. त्या बसच्या वेळा सांगत नसत, कारण बसचं छप्पर इमारतीमागे गेलं होतं. मी हवापाण्याबद्दल बोलायची. कधी कधी शेजारून इसोगाईसानच्या आईचं गाणं ऐकू यायचं, लहान मुलीसारखं, एकच ओळ पुन्हा पुन्हा. मित्सुएसान हात वर करून मला थांबवायच्या आणि ते संपेपर्यंत ऐकायच्या. "ऊन आलं वाटतं तिच्याकडे," त्या म्हणायच्या, आणि खरंच समाधानाने म्हणायच्या. मला ते सहन व्हायचं नाही.

त्या डिसेंबरात तेइजीसानच्या पाठीचा मणका दबला. रॉकेलचा डबा घेऊन चढत होते. पडले नाहीत, नुसते साठाव्या पायरीवर बसले आणि उठता येईना. डॉक्टरांनी ओझं बंद केलं, मग पायऱ्याही बंद केल्या. आता वर दोघे होते. इसोगाईसान त्यांची भाजी आणायच्या, मी औषधं न्यायची, आळीपाळीने. एकदा मी गेले तर दोघे खिडकीशी बसले होते, एकमेकांकडे न बघता, आणि खाली गच्चीवर एक माणूस पंखा दुरुस्त करत होता. दोघेही त्याच्याकडे असे बघत होते जसं कोणी नाटक बघावं.

मुलगी चिझुरू नागोयाहून आली. एका शनिवार-रविवारात तिने सगळं ठरवलं. तिच्या घराजवळ, आठव्या मजल्यावर दोन खोल्यांचं भाड्याचं घर, तिच्या नावावर. तेइजीसान "नाही" म्हणाले, मग पुन्हा "नाही" म्हणाले, आणि मग विचारलं की तिथल्या खिडकीतून काय दिसतं. चिझुरू म्हणाली, "समोरची इमारत, बाबा."

निघायच्या दिवशी सामान हलवणाऱ्या पोरांनी त्यांना एका खास खुर्चीत बसवून उतरवलं, आधी तेइजीसानना, मग मित्सुएसानना. खुर्ची उलटी धरतात, म्हणजे बसलेल्याचं तोंड टेकडीकडे राहतं. त्या वर बघत खाली आल्या. गल्लीतली माणसं दोन्ही बाजूंना उभी होती. इसोगाईसाननी डब्यात भाताचे गोळे दिले आणि खूप वेळ मान झुकवून उभ्या राहिल्या. मित्सुएसान म्हणाल्या, "आईला थंडीत जपा." माझ्यापाशी आल्यावर त्यांनी माझा हात धरला. गाडीचा ड्रायव्हर घाई करत होता.

"तिथे कोण कापेल केस?" त्यांनी विचारलं.

"चिझुरू शोधेल कोणीतरी."

"हो," त्या म्हणाल्या. "शोधेल."

या वसंतात त्यांचं कार्ड आलं. अक्षर थोडं वाकडं झालंय. "किनुचान," त्यांनी लिहिलंय, "इथली लिफ्ट मोठी आहे. मी रोज सकाळी खाली उतरते. दारातून बाहेरही जाते. मग कुठे जायचं ते सुचत नाही, कोणी ओळखीचं नाही, म्हणून परत वर येते. यांना खाली यायचंच नसतं. दिवसभर भिंतीकडे बघतात. केस खांद्यापर्यंत आलेत, इथल्या दुकानात गेले होते, पण ती मुलगी मला आजी आजी म्हणत होती, म्हणून उठून आले."

मी चारदा उत्तर लिहायला बसले. दुकानात बसूनच लिहीत होते, दुपारी, आणि चारही वेळा कागद उन्हात होता. शेवटी लिहिणं सोडून फोन केला. म्हटलं, जूनच्या दुसऱ्या मंगळवारी येते, कात्री घेऊन.



"एवढ्या लांब? केस कापायला?"

"केस कापायला."

"तिकडून यायला दोन तास तरी लागतील गं."

"तुमच्या पायऱ्यांपेक्षा बरं."

त्या हसल्या की खोकल्या ते कळलं नाही. मागून तेइजीसानचा आवाज आला, कोण आहे म्हणून विचारत होते. त्यांनी सांगितलं. मग पुन्हा फोनमध्ये म्हणाल्या, "येताना यांच्यासाठी आपल्याकडचा वाळलेला मासा घेऊन ये. इथला त्यांना चालत नाही. आणि हे बघ, इमारती सगळ्या एकसारख्या आहेत, तुला सापडायची नाही. मी खाली येऊन उभी राहीन."

तिकीट काढलंय. जूनला अजून तीन आठवडे आहेत.